बिनताडपत्रीची खेप

रुमालात गुंडाळलेला दगड त्या माणसाने माझ्या टेबलावर आपटला आणि विचारलं, "हा तुमचाच ना?"

मी रुमाल उलगडून बघितला. पेरूएवढा दगड, दोन बाजूंनी धारदार, ताजा फुटलेला. आमच्याच डोंगराचा काळा दगड होता, मी अंधारातही ओळखला असता. पण म्हणाले, "दगडावर काय कुणाचं नाव असतं का?"

कुणी काही विचारलं की आधी उलट बोलायचं आणि मग विचार करायचा, ही माझी तेव्हाची रीत. बावीस वर्षांची होते. लोणंदच्या पुढे फलटण रस्त्याला एका खडी क्रशरच्या गेटवर पावत्या लिहायचे. ट्रक भरून आला की नंबर, वेळ, कुठे चालला, हे रजिस्टरमध्ये टिपायचं आणि ड्रायव्हरला पावती फाडून द्यायची. त्या वर्षी रस्ता रुंद होत होता, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेपाच खेपा. रस्त्यावर खडी सांडते म्हणून गावातून तक्रारी आल्या, तेव्हा मालकांनी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: ताडपत्री. तिथे मी 'हो' लिहिल्याशिवाय भरलेली गाडी गेटबाहेर जायची नाही, असा हुकूम होता.

"दगडावर नसतं," तो माणूस म्हणाला. "ट्रकच्या मागच्या फाळक्यावर असतं. तुमच्या क्रशरचं नाव मी स्वतः वाचलंय. नंबरावर धूळ होती, तेवढा वाचता आला नाही."

मग मी त्याच्याकडे नीट बघितलं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कुठल्या तरी कार्याला निघालेला असावा. शर्टाच्या बाहीवर रक्ताचे ठिपके होते. गेटबाहेर पांढरी मारुती उभी होती. तिला समोरची काच नव्हतीच. नुसती चौकट, आणि पुढच्या सीटवर काचेचा चुरा, खडीसाखर सांडावी तसा.

"कुणाला लागलं?"

"बायकोला. डोळ्यात काच गेलीय. मेव्हणा होता बरोबर, तो जीप थांबवून फलटणला दवाखान्यात घेऊन गेलाय."

"आणि तुम्ही इथं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो चिडला नाही. एका जागी उभं राहवत नव्हतं त्याला. दोन पावलं टेबलाकडे, दोन पावलं गेटकडे, असं चाललं होतं.

"तिथे जाऊन मी काय करणार? मी काय डॉक्टर आहे?" तो म्हणाला. "इथे निदान कुणी केलं ते शोधता येईल. ट्रकवर ताडपत्री नव्हती. हौदा शिगोशीग भरलेला आणि वर काही नाही. उघडा. ते मी बघितलंय. पावणेदहाची गोष्ट. आज कुणाची गाडी उघडी गेली, तेवढं सांगा."

ते मला माहीत होतं. उघडी गाडी काळोखेकाकांची गेली होती, आणि तिची ताडपत्री आमच्या घराच्या गच्चीवर होती. तिच्यावर माझ्या रुखवताच्या कुरडया वाळत होत्या.

सांगते कशी. महिनाअखेरीला माझं लग्न होतं. आई म्हणजे रुखवताचं खूळ घेतलेली बाई. दोन पायल्या गव्हाचा चीक काढला होता तिने, आणि एवढ्या कुरडया घालायला घरात जागा कुठली? गच्चीवर अंथरायला काहीतरी लांबरुंद पाहिजे. क्रशरवरच्या सगळ्या घरांत हे काम ट्रकच्या ताडपत्रीवरच व्हायचं. संध्याकाळी न्यायची, धुऊन घ्यायची, वर जुन्या साड्या अंथरायच्या. शेवया, सांडगे, मिरच्या, सगळं तिच्यावर वाळायचं. एरवी सुट्टीच्या दिवशी चालायचं ते. आदल्या संध्याकाळी मी काकांकडे मागितली आणि सकाळी सातला परत देते म्हणाले. सकाळी बघते तर आईने पहाटेच उठून अर्धी गच्ची भरवलेली.

"आता कशी काढू? चीक ओला हाय अजून," ती म्हणाली.

मग काका भरलेली गाडी घेऊन गेटवर आले तेव्हा मीच त्यांना गळ घातली होती. "काका, एकच खेप तशी न्या ना. दहा किलोमीटरचा तर रस्ता. दुसऱ्या खेपेला देते ताडपत्री."

काळोखेकाका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. गेटवर गाडी थांबली की खाली उतरायचे, टॉमीचा लोखंडी दांडा घेऊन मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेले दगड एकेक करून काढायचे, आणि मगच पावती घ्यायचे. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाचं कोंबडं मारलं नव्हतं. ते उघडी गाडी नेणाऱ्यांतले नव्हतेच. डोकं खाजवत उभे राहिले.

"पोरी, तुझा रकाना?"

"तो माझ्याकडं लागला," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोर 'हो' लिहिलं.

ते हसले. लग्नाची पोर, म्हणून हसले. आणि गेले.

आता तो माणूस, आडकर नाव त्याचं, रजिस्टरवर हात ठेवून विचारत होता, "यात लिहिलेलं असेल ना?"

मी रजिस्टर उघडून दाखवलं. आज दोनच गाड्या चालू होत्या, तिसरी गॅरेजला. नऊ वाजून दहा मिनिटांनी ढमाले, ताडपत्री हो. नऊ पस्तीसला काळोखे, ताडपत्री हो.

"म्हणजे यातलं एक खोटं आहे," आडकर म्हणाले. "दोन्ही गाड्या येऊ देत. मी बसतो. तुमच्या मालकांना फोन लावा."

मी फोन लावला. मालक लोणंदहून निघतो म्हणाले. आडकर बसले नाहीत, येरझाऱ्या घालत राहिले. काका अर्ध्या तासात परत येणार. रिकाम्या गाडीत ताडपत्री नाही म्हटल्यावर हा माणूस काय समजायचं ते समजणार.

आणि काकांचं तेव्हा काय चाललं होतं, ते सगळ्या क्रशरला माहीत होतं. फलटणच्या नव्या शाळेने बसवर ड्रायव्हर म्हणून त्यांना पसंत केलं होतं. काकूंचं डावं अंग वाऱ्याने गेलेलं, घरात दुसरं कुणी नाही. शाळेची बस म्हणजे सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी, मधला वेळ घरी. काकूंना जेवू घालता येणार, कूस बदलून देता येणार. शाळेची एकच अट होती: नावावर एकही केस नसल्याचा पोलिसांचा दाखला. तो सोमवारी मिळणार होता, आणि आज शुक्रवार.

"तुम्हाला पाणी आणते," मी आडकरांना म्हणाले आणि सायकल काढली. पाण्याचा माठ माझ्या पाठीमागेच होता. त्यांचं लक्ष नव्हतं.

घर क्रशरच्या वरच्या अंगाला, चढावर. आई गच्चीवर बसून सोऱ्या फिरवत होती. मी धापा टाकत वर गेले आणि काही न बोलता एका साडीचं टोक धरून ओढलं. कुरडया साडीसकट गोळा झाल्या.

"अगं ए! डोस्कं फिरलं का तुझं?" आई ओरडली. "तीन दिस गहू भिजवलेत मी!"

"आई, एका बाईचा डोळा गेलाय. ताडपत्री दे."

"कुणाचा डोळा? आन् कुरडयांचा काय संबंध?"

"नंतर सांगते."

तिला काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ती उठली. शिव्या घालत घालतच तिने दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ती जड ताडपत्री गुंडाळून खाली आणली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधली. मी गेटाकडे न जाता मागच्या पायवाटेने करंजाच्या वळणावर गेले. तिथून रस्ता क्रशरकडे वळतो, आणि गेटवरून ते वळण दिसत नाही. ऊन तापलं होतं, सायकल मागून खेचली जात होती, आणि माझ्या डोक्यात एकच होतं, काका निघून गेले नसले म्हणजे मिळवलं.

गेले नव्हते. दहा मिनिटांनी गाडी दिसली. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"आता कशाला आणलीस?" काका वरून म्हणाले. "रिकामी हाय गाडी. वाळल्या का कुरडया?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. काकांनी इंजिन बंद केलं. रस्त्यात इंजिन बंद करणारा माणूस नव्हता तो.

"बाईला लागलंय?"

"डोळ्यात काच गेलीय म्हणं."

"पांढरी गाडी?"

"व्हय."

ते स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. "आरशात दिसली मला. मागं पांढरी गाडी एकदम थांबली. मला वाटलं, पंक्चर झाली असंल. म्हणून गेलो पुढं." मग म्हणाले, "थांबायला पायजे हुतं गं. मी सांगतो त्या माणसाला."

"आणि दाखला?" मी म्हणाले. "काका, सोमवार तोंडावर आलाय. आज केस झाली तर शाळावाले दारात उभं करतील का? मग काकूंकडं कोण बघणार?"

उन्हात गाडीचा पत्रा तडतडत होता. मीच पुन्हा म्हणाले, "तुम्ही काय बोलूच नका. ताडपत्री मागं टाकते. तुमच्याकडं ताडपत्री हाय, एवढंच दिसू दे. पुढचं मी बघते."

"पुढचं म्हंजी काय?"

"बघते मी."

मग त्यांनी चावी फिरवली. "टाक," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी सायकल हाणत त्यांच्या आधी गेटवर पोचले. आडकरांना म्हणाले, नळाला पाणी नव्हतं. त्यांनी मान हलवली. तोवर मालक आले होते आणि दोघांत बोलणं चाललं होतं. मालक हात जोडून "साहेब, साहेब" करत होते. असे ते कुणालाच करायचे नाहीत, तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

काकांची गाडी आत आली. आडकर लगेच हौद्यावर चढले. ताडपत्री उलगडली, झटकली. आणि काठाला चिकटलेलं काहीतरी पांढरं त्यांनी बोटाने सोलून काढलं. ओल्या कुरडईचा तुकडा.

"हे काय आहे?"

सकाळचा चीक होता तो, अजून मऊ. काका खाली उभे होते.

"वाळवणाला दिली हुती," ते म्हणाले. "काल."

काल. एवढा एकच शब्द. मला वाटतं, बावीस वर्षांत त्यांनी तेवढाच खोटा शब्द उच्चारला असेल. आडकरांनी तो तुकडा बोटांत फिरवला, बघितलं, आणि खाली टाकला. शहरातल्या माणसाला ओली कुरडई आणि कालची कुरडई यांतला फरक काय कळणार! मालकांना कळला असता, पण ते खाली होते.

काका गाडी बाजूला लावून निघाले. रोज गेटवर टॉमी घेऊन वाकणारा तो माणूस त्या दिवशी चाकांकडे फिरकलासुद्धा नाही. सावलीला जाऊन बसला.

आणि मग ढमाले आला.

बाजीराव ढमाले. नावाला साजेल असाच. तोंडात तंबाखू, गाडीत मोठमोठ्याने गाणी. गेटवर आला की मला चिडवल्याशिवाय पुढे जायचा नाही. "उज्ज्वलाताई, नवरदेवाला सायकल येती का? न्हाईतर वरातीत तूच चालवशील आन् तो मागं बसंल!" ताडपत्रीच्या रकान्याची तर तो टिंगलच करायचा. गेटवर माझ्यासमोर बांधायचा, आणि वळणापुढच्या टपरीवर चहाला थांबला की सोडून टाकायचा. वाऱ्याने फडफडते, गाडी ओढते, असं त्याचं म्हणणं. हे सगळ्यांना माहीत होतं. मला, काकांना, मालकांनाही.

त्या दिवशी त्याने सोडली होती की नव्हती, मला माहीत नाही. पण ती पांढरी गाडी त्याच्या मागे नव्हती. ती काकांच्या मागे होती. हे मला माहीत होतं आणि काकांना माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही नाही.

ढमालेची ताडपत्री हौद्याच्या कोपऱ्यात बोळा होऊन पडली होती, एक दोर लोंबत. आडकरांनी ती बघितली आणि खाली उडी मारली. "हाच. हाच तो."

"ओ साहेब," ढमाले गाडीतून उतरत म्हणाला, "काय हाच? कशाचा हाच?"

"तुझ्या गाडीच्या दगडाने माझ्या बायकोचा डोळा फोडला."

"मी न्हाई! मी कुणाला काय केलं न्हाई! उज्ज्वलाताई, सांग की यांना. मी बांधून गेलतो का न्हाई?"

मालक माझ्याकडे वळले. "उज्ज्वला, गेटवर तू होतीस. खरं सांग. कोण उघडी गाडी घेऊन गेलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त काका नाही. ते सावलीत मातीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे दोनदा बघितलं. उठतील, बोलतील, असं वाटलं. नको, असंही वाटलं.

"दोघंही इथून बांधूनच गेले," मी म्हणाले. "पण काका पोचेपर्यंत बांधलेलीच ठेवतात. ढमालेभाऊ टपरीवर चहाला थांबतात आणि तिथं सोडतात. रोजच. मालक, तुम्हालाही माहीत आहे."

काकांची त्या दिवशीची एक खेप सोडली तर यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच इतक्या सहज बोलले असेन. आवाजही हलला नाही माझा.

मी वाट बघत होते की ढमाले आता शिव्या देईल. तोंडाचा पट्टा त्याचा कधी थांबायचा नाही. पण तो माझ्याकडे बघत राहिला, मग वळून त्याने आपल्या गाडीकडे बघितलं, त्या बोळा झालेल्या ताडपत्रीकडे. तोंडातला तंबाखू त्याने बाजूला जाऊन थुंकला.

"पावणेधाला म्हणता?" त्याने आडकरांना विचारलं.

"पावणेदहाला."

"पावणेधाला मी टपरीवरनं निघालो," तो म्हणाला. हळू, स्वतःशीच. "सोडली हुती मी." मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बाईंना कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

झालं. त्याच्या हातूनच झालं आहे, असं तो स्वतःच समजला. त्याला कधी मागे बघायची सवय नव्हती, त्यामुळे मागे काय घडलं ते आपल्याला माहीत नसणारच, हे त्याला पटलं. दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरने आकाशपाताळ एक केलं असतं. ढमाले मालकांच्या जीपमध्ये मागे बसून मुकाट पोलीस ठाण्यात गेला, आणि तिथून आडकरांबरोबर दवाखान्यात. बाईंना बघितल्याशिवाय घरी जाणार नाही म्हणाला.

काकांना सोमवारी दाखला मिळाला. शनिवारीच ते हिशेब करून निघून गेले होते, गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवून. मी म्हणाले, "काका, लग्नाला या." ते "बघू" म्हणाले. आले नाहीत. नंतर कितीतरी वर्षं फलटणला रस्त्यात ती पिवळी बस दिसायची. खिडक्यांतून पोरं आणि पुढे काका, पांढऱ्या गणवेशात, ताठ बसलेले. मी हात वर करायचे नाही. त्यांनाही मी दिसत नसेन, निदान तसं ते दाखवत. काकू त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. हे मी कुणाकडून तरी ऐकून मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. झोप लागली नाही की ती अकरा वर्षं मी स्वतःला सांगते.

आडकरबाईंचा डोळा वाचला, पण त्या डोळ्याला पुढे कायम धुरकट दिसायचं. ढमालेला दंड झाला आणि तीन महिन्यांसाठी लायसन गेलं. मालक त्याला काढूनच टाकणार होते. तो म्हणाला, गाडी नका देऊ, पण काहीतरी काम द्या. मग तो गेटवर आला, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. भरलेली गाडी आली की वर चढायचा, काठावरचे सुटे दगड हाताने उचलून खाली टाकायचा, शीग सपाट करायचा, आणि ताडपत्रीला चारही बाजूंनी गाठी मारायचा. ड्रायव्हर वैतागायचे. "बाजीराव, आम्हाला काय येत न्हाई का बांधायला?" तो ऐकायचा नाही. गाणी बंद झाली होती त्याची. मला चिडवणंही बंद झालं होतं. नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. दिवसभर तो समोर आणि मी पावत्या लिहितेय. कितीदा तरी नंबर चुकायचे, पावती फाडून पुन्हा लिहायचे. जेवणाचा डबा अर्धा परत न्यायचे. आई म्हणायची, लग्न जवळ आलं की पोरींचं असंच होतं.

मी स्वतःला सांगत होते की हे मी काकांसाठी केलं, काकूंसाठी केलं. पण खरं वेगळंच होतं, आणि ते मला त्या दिवशी वळणावरही माहीत होतं. काका खरं बोलले असते तर त्यांनी हेही सांगितलं असतं की ताडपत्री कुठे होती. 'हो' कुणी लिहिलं होतं, तेही सांगितलं असतं. महिनाअखेरीला लग्न असलेल्या मुलीचं नाव पोलीस ठाण्यात गेलं असतं. मी काकूंचं नाव पुढे केलं आणि स्वतःला त्यांच्यामागे लपवलं. काकांना ते तिथल्या तिथे कळलं असणार. म्हणूनच त्यांनी पुन्हा कधी माझ्याकडे बघितलं नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी माझा गेटवरचा शेवटचा दिवस होता. माझ्या जागी दुसरी मुलगी ठरली होती. दुपारी जेवायच्या सुट्टीत गाड्या थांबल्या होत्या. ढमाले येऊन माझ्या टेबलासमोर उकिडवा बसला.

"ताई, एक इचारू?"

"विचारा की."

"तुला म्हणून इचारतो. दुसरा कुणी हसंल मला." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "एवढा मोठा दगूड पडला. काच फुटली. बाई वरडल्या असतील. मला कसं काय ऐकू आलं न्हाई? मी रोज आठवून बघतो. चहा प्यालो, निघालो, वळान घेतलं, पुढं ऊसवाल्याची बैलगाडी हुती, तिला बाजू दिली. समदं आठवतं. मागं कुठली गाडी हुती का, तेवढंच आठवत न्हाई. पांढरी गाडी डोळ्यांपुढं आणायला बघतो, तर येतच न्हाई. असं कसं व्हईल? माणसाच्या हातनं एखाद्याचा डोळा जातो आन् त्याला ठावंच नसतं?"

एका वाक्याचं काम होतं. भाऊ, ती गाडी तुमच्या मागं नव्हतीच. बस, एवढं. काकांना दाखला मिळून गेला होता, आडकर परत कधी येणार नव्हते, आणि माझंही इथलं काम सुटलं होतं. त्याला लायसन लगेच मिळालं नसतं कदाचित, पण झोप मिळाली असती. मी ते वाक्य तोंडापर्यंत आणलं. त्याच्याकडे बघितलं. मग रजिस्टर मिटून ठेवलं. परवा हळद होती.

"लक्ष नसंल तुमचं, भाऊ," मी म्हणाले. "गाणी मोठ्यानं लावता ना तुम्ही."

त्या शुक्रवारी मी घाबरून बोलले होते. हे मात्र चांगला विचार करून बोलले.

त्याने मान हलवली. मग उठला. एक भरलेली गाडी येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे जाता जाता मागे वळून म्हणाला, "तसंच असंल. बरं झालं ताई, तू तरी खरं बोललीस. न्हाईतर मला कळलंच नसतं."